चोवीस जणांची वीस वर्षं

आमच्या शाळेत दहावीच्या निरोप समारंभाला फिशपाँड असायचे. वर्गातल्या कुणाबद्दल काय वाटतं ते स्वतःचं नाव न घालता चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठ्या माठात टाकायच्या आणि एकाने स्टेजवर उभं राहून त्या मोठ्याने वाचायच्या. दरवर्षी दोघंतिघं रडायची आणि बाकीच्यांना मजा यायची. गेल्या वर्षी मात्र एका मुलीला कुणीतरी ‘चालताफिरता भोंगा’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिची आई, मावशी आणि मावशीच्या सोसायटीचे सेक्रेटरी मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये येऊन इतके जोरात भांडले की तळमजल्यावरच्या पाचवीच्या वर्गाने खिडक्या लावून घेतल्या. तेव्हापासून फिशपाँड बंद.

यंदा आमच्या वर्गशिक्षिका सामंत बाईंनी त्यावर उपाय काढला. शनिवारी शेवटच्या तासाला त्या स्टीलचा डबा घेऊन आल्या. डब्यात आम्हा सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या होत्या. परळची मराठी शाळा, दहावीची एकच तुकडी आणि तुकडीत चोवीस जण, त्यामुळे सगळा वर्ग पोळीच्या डब्यात मावला.

"प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची," बाई म्हणाल्या. "जिचं किंवा ज्याचं नाव येईल, ती व्यक्ती वीस वर्षांनंतर कुठे असेल, काय करत असेल, ते पानभर लिहायचं आणि पुढच्या शनिवारी समारंभात वाचायचं. स्वतःचंच नाव आलं तर परत टाकायचं. कुणाचा अपमान करायचा नाही. भावेश, मी कुणाकडे बघून बोलतेय?"

"माझ्याकडे, बाई."

"आणि कुणाला कोण आलंय ते शनिवारपर्यंत गुप्त ठेवायचं."

हे गुपित शाळेच्या गेटपर्यंतसुद्धा टिकलं नाही. निदान माझ्यापासून तरी नाही, आणि त्याला कारण आहे.

मी अक्षदा परब, लालबागच्या कोचरेकर चाळीतली. मला लिहिता येतं. हे एकदा लोकांना कळलं की माणसाचं काही खरं नसतं. वर्गातले रजेचे अर्ज मी लिहिते, उशिरा येण्याची कारणं मी लिहिते. राजरत्नच्या आजीला मी आतापर्यंत तीनदा आजारी पाडलंय, आणि ती बाई अँटॉप हिलच्या क्वार्टर्समध्ये रोज सकाळी चार फेऱ्या मारते. चाळीत जिन्यावर पाण्याची पिंपं ठेवू नयेत ही नोटीस माझी, आणि ती नोटीस कुणी फाडली हे विचारणारी दुसरी नोटीसही माझीच. बाबा एका टॉवरमध्ये लिफ्टचं मेंटेनन्स बघतात, आजोबा ज्या गिरणीत होते तिच्याच जागेवरचा टॉवर. त्यांच्या रजेच्या अर्जातलं ‘सविनय’ मी घातलेलं असतं. कुणालाही काही हवं असलं की दारावरची बेल वाजते आणि आई आतून ओरडते, "अक्षदा, तुझ्याकडे आलेत गो!"

तर गेटपाशी पहिला राजरत्न आला. त्याच्या हातात भावेशची चिठ्ठी होती.

"अक्षदा, प्लीज यार. मला फक्त क्रिकेटचं लिहिता येतं. आणि भाव्याचं काय फ्युचर लिहू? तो आहे तसाच राहणार."

मी त्याला लिहून दिलं की वीस वर्षांनंतर भावेश आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाचा अध्यक्ष आहे आणि आरतीला अजूनही उशिरा येतो, फक्त आता त्याच्यासाठी आरती थांबते. राजरत्न वाचून इतका खूश झाला की त्याने रविवारी संध्याकाळपर्यंत सगळ्या वर्गाला सांगितलं. मग रांग लागली. भावेश स्वतः प्रियाची चिठ्ठी घेऊन आला. प्रिया नलावडे म्हणजे आमची पहिल्या नंबरची. तिला मी जिल्हाधिकारी केलं. ती उद्घाटनाला येते, कोनशिलेवरचं शुद्धलेखन तपासते आणि कोनशिला परत पाठवते. राजरत्नला शिवाजी पार्कात नेट काढून दिली. तिथे त्याच्या हाताखाली पन्नास पोरं, आणि तो स्वतः ज्या बॉलवर आउट होतो त्याच बॉलवर पन्नासच्या पन्नास आउट होतात. माझ्या स्वतःच्या वाट्याला गौतम आला होता, जो प्रत्येक तासाला हात वर करून विचारतो, "बाई, हे परीक्षेला आहे का?" त्याला मी न्यायाधीश केलं. वकील तासभर बोलतो आणि गौतम विचारतो, "हे निकालाला आहे का?"

लिहायला लागले की मला थांबवत नाही. एकाच्या घरात दुसरा घुसायला लागला. भावेशच्या मंडळाच्या वर्गणीला राजरत्न, राजरत्नच्या नेटवर गौतमचा मुलगा, गौतमच्या कोर्टात प्रियाचा अहवाल. बघता बघता मी अख्खा वर्ग परळ ते दादरच्या मध्ये बसवला. एकही माणूस अमेरिकेला जाऊ दिला नाही. एकीने फारच हट्ट धरला म्हणून तिला कॅनडात पाठवलं, पण गणपतीला परत आणलं आणि विसर्जनानंतर तिचा पासपोर्ट हरवला.

हरेश्वरची चिठ्ठी गौतमला आली होती. हरेश्वर शेवटच्या बाकावर बसतो, वरळी कोळीवाड्यातून येतो. दहा वर्षांत तो माझ्याशी सहा वाक्यं बोलला असेल, त्यातली चार ‘पट्टी दे’. त्याचं मी चार ओळींत उरकलं. वीस वर्षांनंतर हरेश्वरच्या चार बोटी आहेत, एक बर्फाचा कारखाना आहे, आणि अख्ख्या वर्गाला पापलेटं फुकट. कोळ्याचा मुलगा, आणखी काय लिहायचं? गौतमला ते झक्कास वाटलं आणि मलाही.

सोमवार संपेपर्यंत माझे एकवीस जणांचे कागद लिहून झाले. माझा स्वतःचा धरून बावीस.

आता जरा माझ्या घरचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझं पुढे काय करायचं याची चर्चा आमच्याकडे दिवाळीपासून चालू आहे. आत्या म्हणते, मुलींना शिक्षिकेची नोकरी बरी. बाबा म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे. आई म्हणते, आधी दहावी तरी होऊ दे तिला. मला कुणी विचारलं नाही. पण खरी अडचण ती नाही. विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं. एकवीस जणांची वीस-वीस वर्षं मी दोन दिवसांत लिहून काढली आणि स्वतःची वीस मिनिटं मला सुचत नव्हती. डोळे मिटले की वर्गातला प्रत्येक जण दिसायचा, टक्कल पडलेला, पोट सुटलेला, सगळं. माझ्या जागी काहीच दिसायचं नाही.

म्हणून मी त्या शनिवारच्या आशेवर होते. चोवीस जणांत एक जण असा होता ज्याच्याकडे माझी चिठ्ठी होती. कुणीतरी दहा मिनिटं एका जागी बसून फक्त माझा विचार करावा आणि काय दिसलं ते सांगावं, एवढंच मला हवं होतं. त्याने मला लिफ्टवुमन केलं असतं तरी चाललं असतं.

माझ्याकडे न आलेले दोघंच उरले होते, प्रिया आणि हरेश्वर. आणि नावंही दोनच उरली होती, माझं आणि आमच्या गोलमटोल लवूचं. मी देवाला म्हटलं, मला प्रियाकडे जाऊ दे. प्रिया हुशार, तिचं लिहिणं नेटकं, ती मुद्देसूद विचार करून काहीतरी ठरवेल. मंगळवारी सकाळी मी तिच्याशी इतकी गोड वागले की तिने विचारलं, "तुला बरं नाहीये का?" मी तिच्या बाटलीत पाणी भरून आणलं. तिची भूमितीची वही किती सुंदर आहे ते सांगितलं. तिने वही छातीशी धरली आणि म्हणाली, "प्रिलिमचा पेपर दाखवणार नाही हं मी."

मधल्या सुट्टीत हरेश्वर माझ्या बाकापाशी आला. उभा राहिला. मी पट्टी पुढे केली.

"पट्टी नको," तो म्हणाला आणि त्याने खिशातून चिठ्ठी काढून बाकावर ठेवली. सामंत बाईंच्या वळणदार अक्षरात तिच्यावर लिहिलं होतं, अक्षदा परब.

"मला तू आलीयेस," हरेश्वर म्हणाला. "तू सगळ्यांची लिहून देतेस ना. ही पण दे."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"माझं? मी लिहून देऊ?"

"हो. शनिवारपर्यंत."

"म्हणजे माझं फ्युचर मी लिहायचं, तुझ्या हातात द्यायचं, तू ते मला वाचून दाखवणार आणि मी खाली बसून टाळ्या वाजवू?"

हरेश्वरने थोडा विचार केला. "हो," तो म्हणाला. "गौतम बोलला, तू अर्ध्या तासात देतेस."

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. पाचवीच्या वर्गाने खिडक्या लावल्या असं भावेश नंतर म्हणाला. "स्वतः लिही! जन्मात एकदा तरी स्वतः लिही काहीतरी!" हे शेवटचं होतं. मग मी मुलींच्या बाथरूममध्ये जाऊन पाच मिनिटं रडले. जास्त रडता आलं नाही, पुढे गणिताचा तास होता. लवू प्रियाकडेच होता हे त्याच तासाला कळलं. तिने त्याच्यावर चार पानं लिहिली होती, वजनाच्या आलेखासकट. घरी गेल्यावर मी गौतमकडून हरेश्वरचा कागद मागवून घेतला आणि रागाने त्याला पाचवी बोट वाढवली.

बुधवारी मी क्लासहून घरी आले तर चाळीच्या गॅलरीत ही गर्दी. आमच्या मजल्यावरची सगळी माणसं बाहेर, वरच्या मजल्यावरचे लोक कठड्यावरून वाकलेले. मध्ये खुर्चीवर हरेश्वर, मांडीवर वही, हातात पेन, पुढ्यात चहा आणि बाजूला शेजारच्या कमळाबाईंनी ठेवलेली नारळाच्या वड्यांची बशी.

आमची चाळ पाडून तिथे टॉवर बांधायचं आणि चाळीत राहणाऱ्यांना त्यात घरं द्यायचं गेली बारा वर्षं चाललंय. दर पावसाळ्याआधी कुणीतरी वही घेऊन येतं, घरात माणसं किती, पोटमाळा आहे का, विचारतं आणि नाहीसं होतं. त्यामुळे वही घेऊन आलेला माणूस दिसला की कोचरेकर चाळ विचार करत नाही, ती उत्तरं द्यायला लागते. हरेश्वरने जिना चढून पहिल्याच दारात सरळ विचारलं होतं, "अक्षदा परब वीस वर्षांनंतर कुठे असेल असं तुम्हाला वाटतं?"

"खय असतला?" कमळाबाई माझ्यादेखत त्याला सांगत होत्या. "हयसरच! त्या चेडवाचा नाव हय, रेशनकार्ड हय, ता खय जातला? लिही तू. बाविसाव्या मजल्यार, पाचशे फूट कारपेट. आणि माझो झील विरारक रवता असा कोण सांगात तर ता खोटा. तो हयसरच रवता. आता फक्त बाजारात गेलोहा."

"किती वाजता येतील?" हरेश्वरने मनापासून विचारलं.

"गणपतीक," वरून कुणीतरी म्हणालं आणि मुलाचं बिंग फुटल्यावर कमळाबाईंनी वर बघून त्याच्या सात पिढ्या काढल्या.

पलीकडचे काका आपला पोटमाळा दाखवायला शिडी लावत होते. आमच्या दारात बाबा उभे होते, ड्युटीवरून येऊन कपडेही बदललेले नव्हते. ते अगदी ऑफिसातल्या आवाजात सांगत होते, "वीस वर्षांनी ती बँकेत असिस्टंट मॅनेजर असेल. पण वास्तव्य इथेच. स्वतंत्र कुटुंब म्हणून धरा." आई त्यांच्या मागे उभी होती आणि हरेश्वरकडे निरखून बघत होती. "ह्याचो चेहरो खय तरी बघलेलो आसा," ती म्हणाली. मग तिला एकदम आठवलं. "अरे, तू बाजारातल्या राधाबाईचो झील ना रे? तिका सांग, परवाचे बांगडे मऊ होते."

"सांगतो," हरेश्वर म्हणाला आणि तेही त्याने वहीत लिहून घेतलं.

मी त्याला दंडाला धरून खाली आणला. मागून कमळाबाई ओरडत होत्या, "ओ परबांच्या चेडवा, सायबांका वड्ये तरी खाऊंदे!"

"तुला काही कळतं का?" मी जिन्याखाली त्याला विचारलं. "हे काय चालवलंयस?"

"तू बोललीस ना, स्वतः लिही. मला तुझ्याबद्दल काही माहीत नाही. म्हणून विचारत होतो."

"आणि काय कळलं?"

त्याने वही उघडून बघितली. "पाचशे फूट कारपेट," तो म्हणाला. "काल तुझ्या क्लासच्या सरांना पण विचारलं. ते बोलले, फी वेळेवर भरते."

मला हसू यायला लागलं होतं आणि मला हसायचं नव्हतं. म्हणून मी म्हटलं, "मला तर तुझं सगळं माहीत आहे. शनिवारी ऐक. तुला पाच बोटी दिल्यात मी."

त्याचा चेहरा उतरला. मला वाटलं, पाच कमी झाल्या की काय.

"बोटी नको," तो हळूच म्हणाला.

"का?"

त्याने जिन्यात वर कोणी आहे का बघितलं. "मला बोट लागते."

"काय?"

"उलट्या होतात. मे महिन्यात बाबा नेतात समुद्रात. जेट्टी सुटली की चालू. बाबा बोलतात, होईल सवय. तीन वर्षं झाली. आमच्या घरात आजपर्यंत कुणाला लागली नाही. बाहेर कुणाला माहीत नाही. तू पण बोलू नको."

खरं सांगते, मी आधी हसले. मोठ्याने हसले. मग माझ्या लक्षात आलं की हा मुलगा पाच बोटी ऐकून खरोखर घाबरलाय, आणि मला लाज वाटली. मी त्याच्यावर दहा मिनिटंसुद्धा खर्च केली नव्हती. कोळ्याचा मुलगा म्हटलं आणि ढकलला पाण्यात. आणि हा माझ्या चाळीत दोन मजले चढून लोकांचे पोटमाळे मोजत होता.

"मग तुला काय व्हायचंय?" मी विचारलं.

"जमीन हलायला नको," हरेश्वर म्हणाला. "बाकी काहीही चालेल."

त्या संध्याकाळी मी पाच बोटींचा तो कागद फाडला आणि हरेश्वरचं नव्याने लिहिलं. गौतम वैतागला, कारण त्याने जुनं पाठ केलं होतं.

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये समारंभ झाला. समोशाची आणि वेफर्सची व्यवस्था नववीने केली होती, त्यामुळे वेफर्स कमी होते. सामंत बाई पहिल्या रांगेत बसल्या. राजरत्न पहिला उठला आणि त्याने भावेशचं वाचलं. "...आता आरती त्याच्यासाठी थांबते. आता बोला!" हॉल हसला. बाईही हसल्या. मग भावेशने प्रियाचं वाचलं. "...आणि कोनशिला परत पाठवते. आता बोला!" पुन्हा हशा. तिसरा कागद संपला, "आता बोला!" चौथ्याला मुलं वाट बघायला लागली. पाचव्याला अख्ख्या हॉलने एका सुरात म्हटलं, "आता बोला!"

ही माझी खोड आहे. एखादं वाक्य जमलं की पुढे ‘आता बोला!’ लिहायची. मला स्वतःला ती माहीत नव्हती. त्या दिवशी तेवीस जणांसमोर, एका वर्गशिक्षिकेसमोर आणि नववीच्या वेफर्सवाल्यांसमोर कळली.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अक्षदा," त्या म्हणाल्या, "जरा पुढे माझ्या शेजारी येऊन बस." मी जाऊन बसले. पुढचे पंधरा कागद मी बाईंच्या शेजारी बसून ऐकले आणि दर ‘आता बोला!’ला बाई फक्त माझ्याकडे बघत होत्या. मध्ये प्रियाने लवूची चार पानं वाचली. त्यात ‘आता बोला!’ नव्हतं, म्हणून मुलांनी तिला परत बसवायला घेतलं.

मग गौतम उठला. "वीस वर्षांनंतर आपला हरेश्वर भूमापक आहे. हातात टेप घेऊन तो मुंबईभर जमिनी मोजत हिंडतो. तो मोजतो ती जमीन तसूभरही हलत नाही. त्याच्या मोजणीवरून आजवर एकही भांडण झालेलं नाही, लालबागच्या कोचरेकर चाळीतसुद्धा. आता बोला!" मी मागे वळून बघितलं. शेवटच्या रांगेत हरेश्वर कान लाल करून बसला होता आणि खाली जमिनीकडे बघून हसत होता.

सगळ्यात शेवटी त्याचं नाव आलं. तो स्टेजवर गेला. त्याच्या हातात वहीचा एकच कागद होता.

"हे तरी तू स्वतः लिहिलंयस ना रे?" बाईंनी विचारलं.

"हो बाई. ती लिहून द्यायला नाही बोलली."

हॉल इतका हसला की माझीच मान खाली गेली. हरेश्वर सगळे गप्प होईपर्यंत थांबला आणि मग त्याने एकेक शब्द वाचला.

"अक्षदा परब, वीस वर्षांनंतर. मी आधी चौकशी केली. बिल्डिंगवाले म्हणाले ती बाविसाव्या मजल्यावर असेल. तिचे बाबा म्हणाले बँकेत असेल. मग शुक्रवारी मी नमुना म्हणून सगळ्यांचे कागद मागून वाचले. भावेशच्या मंडळात राजरत्न आहे. राजरत्नच्या नेटवर गौतमचा मुलगा आहे. गौतमच्या कोर्टात प्रिया आहे. सगळे सगळ्यांकडे आहेत. अक्षदा कुणाकडेच नाही. गणपतीला पण नाही. मी दोनदा वाचलं."

मी बाईंकडे बघितलं नाही. कुणाकडेच बघितलं नाही. तो म्हणत होता ते खरं होतं. बावीस कागद लिहिले आणि मी त्यातल्या एकातही नव्हते, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"आधी मला वाटलं ती परदेशात गेली," हरेश्वरने पुढे वाचलं. "पण तिने कुणालाच जाऊ दिलेलं नाही, मग ती कशी जाईल. म्हणजे ती घरीच आहे. दार लावून बसलीय. स्वतःचं काहीतरी करतेय. काय करतेय ते मला माहीत नाही. वीस वर्षांनंतर मला एक अर्ज लिहून हवा होता म्हणून मी तिच्याकडे गेलो होतो. दारापर्यंत गेलो. पण मी बेल वाजवली नाही. खाली आलो आणि अर्ज मी स्वतः लिहिला. एवढंच."

त्याने कागदाची घडी घातली आणि तो स्टेजवरून उतरला. मला खूप रडू आलं, बाथरूममध्ये यायचं ते सगळं तिथेच आलं. बाईंनी आपला रुमाल माझ्या मांडीवर ठेवला आणि समोर बघत बसल्या.

मागून भावेशचा आवाज आला. "अक्षदा! आता बोला!"

सगळ्या हॉलने तेच म्हटलं. मी उभी राहिले, तोंड उघडलं आणि मला एक शब्द सुचला नाही. बसले परत. ह्या वर्गात दहा वर्षांत असं पहिल्यांदा झालं, असं नंतर सामंत बाई म्हणाल्या.

समारंभ संपल्यावर आम्ही मैदानात समोसे घेऊन उभे होतो. हरेश्वर माझ्यापासून चार पावलांवर होता, आम्ही एकमेकांशी काही बोललो नव्हतो. तेवढ्यात लवू आला, एका हातात समोसा आणि दुसऱ्या हातात कोरा कागद.

"अक्षदा, हॉल तिकिटावर माझ्या नावात चूक झालीय यार. मुख्याध्यापकांना अर्ज द्यायचाय. पटकन लिहून दे ना."

माझा हात सवयीने पुढे गेला होता. मी तो मागे घेतला.

"लवू," मी म्हटलं, "दार लावलंय."

लवूने सगळ्या मैदानाकडे नजर फिरवली. "कुठलं दार?"

हरेश्वरने आपल्या खिशातलं पेन काढून त्याच्यापुढे धरलं. लवूने समोसा तोंडात धरला, भिंतीला कागद लावला आणि ‘स’ लिहिला. मग तोंडातून समोसा काढून त्याने विचारलं, "‘सविनय’मध्ये पहिली वेलांटी का दुसरी?"

मी सांगितलं नाही. फार जड गेलं मला ते.